अडकलेले निरोप

माझी वहिनी काय काम करते असं कुणी विचारलं की आई सांगायची, "ती घरात बसून यंत्रांना हुकूम सोडते." ऐकणाऱ्याला वाटायचं, सासू सुनेला टोमणा मारतेय. पण आईला ते खरंच तसं दिसत होतं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि वहिनी एक ओळ लिहून थांबलेली. मग पडद्यावर भराभर ओळी उमटायच्या आणि वहिनी त्या ओठ हलवत वाचायची. कळफलकावर तिची बोटं मऊ चालायची. माझं शिलाई मशीन तेवढं खडखडायचं.

आम्ही दोघी एकाच खोलीत काम करायचो. खिडकीशी माझं टेबल, भिंतीशी तिचं. मी दवाखान्यांसाठी अंगरखे शिवते, त्यामुळे पांढऱ्या कापडाचे ढीग तिच्या खुर्चीपर्यंत यायचे आणि ती पायानं हळूच मागे सारायची. वयानं आम्ही बरोबरीच्या. एरवी एकेरीतच बोलायचो, पण मला चिडवायचं असलं की ती मुद्दाम "अहो वन्सं" म्हणायची.

दादा, म्हणजे माझा भाऊ, मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये इंजिनियर. लग्न झालं आणि महिनाभरात तो बोटीवर गेला. तेव्हापासून तेच चाललेलं. लग्नाला वर्षं बरीच झाली, पण प्रत्यक्ष संसार म्हणाल तर सुट्ट्या जोडून जेवढा होईल तेवढा. वहिनी कधी तक्रार करायची नाही. फक्त कपाटातले त्याचे शर्ट ती अधूनमधून बाहेर काढायची, झटकायची, पुन्हा घड्या घालायची. इस्त्री केलेल्या शर्टाची घडी कशाला मोडतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "नुसते ठेवले की त्यांना कपाटाचा वास लागतो."

तिची नोकरीही त्याच्यापायीच. बोटींवरच्या लोकांचे निरोप घरच्यांपर्यंत पोचवणारी एक कंपनी होती. समुद्रात फोन लागत नाही. माणूस बोटीवर निरोप लिहून ठेवतो किंवा बोलून ठेवतो, उपग्रहाची जोडणी मिळाली की ते सगळे निरोप कंपनीच्या सर्व्हरवर येतात, आणि तिथून ज्याच्या त्याच्या घरच्या फोनवर जातात. त्या सर्व्हरची देखभाल करायला माणूस हवा होता. वहिनीला आधीच्या ठिकाणी जास्त पगार होता, तरी ती इकडे आली. कारण तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तिनं मला एकदा ते काम समजावून सांगितलं होतं. सहा मशीन आहेत. त्यांवर कंपनीचे वेगवेगळे प्रोग्रॅम चालतात, प्रत्येक आपापल्या डब्यात बंद, त्या डब्याला कंटेनर म्हणायचं. कुठला कंटेनर कुठल्या मशीनवर ठेवायचा, एक बंद पडला तर दुसरा कुठे उभा करायचा, हे बघणारा वर एक मुकादम असतो. तोही प्रोग्रॅमच. मशीन आणि मुकादम मिळून सगळ्याला क्लस्टर म्हणायचं. आईनं यातला एकच शब्द उचलला. दादाच्या बोटीवरही कंटेनरच असायचे. शेजारणीला ती सांगायची, "दोघं नवराबायको कंटेनरच वाहतात. एकत्र वाहिले असते तर बरं झालं असतं."

त्या वर्षी दादाचे निरोप हळूहळू कमी झाले. आधी दिवसाआड यायचे, मग आठवड्याला, मग थांबलेच. बोट बरी होती. ती कुठे आहे ते वहिनीला नकाशावर दिसायचं, एक छोटासा बाण निळ्यावरून सरकत असायचा. ती रोज त्याला लिहायची आणि तिचे निरोप बोटीवर पोचल्याची खूणही यायची. म्हणजे तिकडे पोचत होतं, इकडे काही येत नव्हतं. आई फोन उशाशी घेऊन झोपायला लागली. सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी तो उघडून बघायची, मग वहिनीकडे बघायची. वहिनी मान हलवायची.

एक दिवस आई म्हणाली, "तुझ्याच मशीनमध्ये अडकला असेल गं त्याचा निरोप. जरा शोधून बघ."

वहिनी म्हणाली की तसं बघायचं नसतं. लोकांचे निरोप तिच्या हाताखालून जात होते, पण तिनं एकही उघडला नव्हता. कुणाचं पत्र कुणाला, हेसुद्धा ती बघायची नाही. पोस्टमननं पाकिटं उजेडात धरून बघायची नसतात, एवढंच म्हणाली. आईच्या डोक्यातून मात्र ते जाईना. आणि खरं सांगायचं तर माझ्याही. अडकलाय म्हटलं की बरं वाटायचं. अडकलेलं सुटतं तरी.

त्याच सुमाराला क्लस्टरचं अपग्रेड निघालं. मुकादमाचं व्हर्जन जुनं झालं होतं, त्याच्या दुरुस्त्या यायच्या बंद होणार होत्या. वहिनी कधीपासून मागे लागली होती आणि तिचे साहेब दर वेळी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत होते. त्यामुळे मध्ये दोन व्हर्जन होऊन गेली होती, आणि एकदम उडी मारता येत नाही. एकेक पायरी चढावी लागते, आणि प्रत्येक पायरीला सगळं काम पहिल्यापासून. साहेब शेवटी हो म्हणाले, पण रात्री कर, वर्दळ नसते तेव्हा, असं त्यांचं म्हणणं. वहिनीनं त्यांना सांगितलं की समुद्रावर रात्र अशी एक नसतेच, कुठल्या ना कुठल्या बोटीवर लोक त्या वेळी जेवून फोन हातात घेऊन बसलेले असतात. त्यापेक्षा मी सकाळी करीन, डोकं ताजं असताना.

पहिली पायरी तिनं आदल्या आठवड्यात चढली, काहीच अडलं नाही. दुसऱ्या पायरीच्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर बसली. केस घट्ट बांधले, फोन टेबलावर उभा करून ठेवला, त्यात साहेबांचा आवाज. आधी तिनं मुकादमाची सगळी आठवण दुसरीकडे उतरवून घेतली. काही बिघडलंच तर त्याला परत शुद्धीवर आणायला. मग त्याला विचारलं, तुला नव्या व्हर्जनवर न्यायचं तर काय काय बदलेल. उत्तर आलं ते तिनं सावकाश वाचलं. माझं मशीन मी बंदच ठेवलं होतं. हातशिलाईचं काम काढून बसले होते, काज करायचे होते.

"करू का?" तिनं फोनला विचारलं.

"कर," साहेब म्हणाले.

मुकादमाचं काम झालं. मग मशीनची पाळी. एकेक मशीन घ्यायचं, त्यावर नवीन काही येऊ द्यायचं नाही, जे आहे ते दुसऱ्या मशीनवर हलवायचं, मोकळं झालं की त्याचं अपग्रेड करायचं आणि पुन्हा कामाला लावायचं. पहिलं झालं. दुसरं झालं. मध्ये आईनं चहा आणून ठेवला आणि 'कुठवर आलं' म्हणून विचारून गेली, जसं बस कुठवर आली विचारतात.

तिसऱ्या मशीनशी घोडं अडलं. सगळे कंटेनर निघाले, एक निघेना. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटायला लागली. याला हलवता येत नाही, नियम मोडतो, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. वहिनीनं ती थांबवली आणि खुर्चीत मागे टेकली.

मला तिनं नंतर नीट सांगितलं. तो कंटेनर होता न पोचलेल्या निरोपांचा. घरच्यांचा फोन बंद असला, नंबर चुकीचा पडला किंवा लागत नसला की निरोप तिथे थांबून राहायचा. हा कंटेनर कायम चालू राहिलाच पाहिजे, निदान एक तरी, असा नियम कुणीतरी कधीतरी घालून ठेवला होता. आणि होता तो एकच. एकुलता एक हलवायचा तर क्षणभर बंद करावा लागणार, आणि बंद केला की नियम मोडणार. म्हणून मुकादम बसून राहिला होता. त्याहून वाईट म्हणजे ते निरोप त्या मशीनवरच्या तात्पुरत्या जागेत होते. कंटेनर हलला की ती जागा पुसली जाणार. पक्की जागा द्या असं वहिनीनं पूर्वीच सुचवलं होतं, आणि तेही पुढच्या महिन्यावर गेलं होतं.

साहेब म्हणाले, "नियम काढून टाक आणि जबरदस्तीनं हलव. किती असतील? दोन-चारशे. लागत नसलेल्या नंबरांचेच ना? कोण विचारतंय."

वहिनी म्हणाली, "मला थोडा वेळ द्या."

तिनं बोटींकडून येणारे नवे निरोप रोखले. ते तिकडे बोटींवरच थांबून राहिले, सुरक्षित. मग जे पोचवता येण्यासारखे होते ते जाऊ दिले. आकडा कमी कमी होत गेला आणि एका जागी थांबला. उरलेले खरोखरच अडकलेले. ते बाहेर काढून दुसरीकडे ठेवायचे तर निदान कुठल्या बोटीवरून कुठल्या नंबरला एवढी यादी बघणं भाग होतं. आत काय लिहिलंय ते नव्हे, नुसतं पाकीट.

तिनं यादी उघडण्याआधी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की आईचं बोलणं तिच्याही मनात घर करून होतं. मी सुई कापडात टोचून ठेवली.

आई दारात येऊन उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. हात पुसायचं फडकं तिच्या हातातच होतं.

यादी वरून खाली सरकत गेली. वहिनीला दादाच्या बोटीचा क्रमांक तोंडपाठ होता. ती पहिल्यांदा भरभर गेली. मग पुन्हा वरून सुरू करून एकेक ओळ बोटानं धरत गेली. शेवटी तिनं ती बोट यादीत कुठे आहे का, असं यंत्रालाच विचारलं. उत्तरादाखल पडद्यावर काहीच आलं नाही. एक ओळही नाही.

"आपलं काही नाहीये, आई," वहिनी म्हणाली.

आईनं "बरं" म्हटलं. आणि ती आत गेली.

मला रडू येत होतं, आणि रागही. म्हणजे तो लिहीतच नव्हता. हात होते, फोन होता, उपग्रह होता, आणि तो लिहीत नव्हता. इतके दिवस आम्ही मशीनला दोष देत बसलो होतो.

फोनमधून साहेबांनी विचारलं, झालं का, टाकायचं का काढून. आता ते किती सोपं होतं. त्या यादीत तिचं कुणी नव्हतं. एक ओळ लिहिली असती की नियम गेला असता, मशीन मोकळं झालं असतं, आणि ती आत जाऊन पांघरुणात तोंड घालून पडू शकली असती. मी तर मनात म्हटलं, टाक बाई, सोडव स्वतःला.

वहिनीनं डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला आणि साहेबांना सांगितलं की तिला दुपार लागेल. ते काहीतरी बोलले. ती म्हणाली, "कुणाचं तरी आहे ना ते, साहेब."

तिनं ते सगळे निरोप बाहेर उतरवून घेतले. जेवढे तिथे तेवढेच इथे आलेत ना, वाटेत कुठला अर्धवट तर नाही ना, हे ताडून पाहिलं. दोन अर्धवट निघाले, ते पुन्हा आणले. मग नियम थोडा वेळ बाजूला ठेवला, कंटेनर हलवला, या खेपेला त्याला पक्की जागा दिली, निरोप त्यात परत भरले आणि नियम जागच्या जागी बसवला. उरलेली मशीन पुढे एकामागून एक बिनबोभाट झाली. शेवटी तिनं बोटींची वाट मोकळी केली. थांबलेले निरोप लोंढ्यानं आले आणि घरोघरी गेले. आमच्या घरात फोन वाजला तो साहेबांचा होता. 'छान झालं' म्हणाले.

ती उठली तेव्हा तिचं जेवण ताटात झाकलेलं होतं. ती चार घास खाऊन बाजूला सारायला लागली तेव्हा आई समोर येऊन बसली.

"बोट कुठे चाललीय त्याची?" आईनं विचारलं.

वहिनीनं सांगितलं. पुढच्या आठवड्यात अमुक बंदराला लागेल, आगगाडीनं एक दिवसाची वाट.

"मग जा."

वहिनी म्हणाली, दोन-चार तासांसाठी इतक्या लांब जायचं, आणि त्यानं बोलावलं नसताना. आई म्हणाली, "तो बोलावणार नाही. लहानपणी पडला की आधी लपून बसायचा, मग त्याला आपणच शोधायचं. जा, शोधून ये."

वहिनीनं नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा रजा मागितली. अपग्रेड नुकतंच सुरळीत पार पडलेलं, साहेब नाही म्हणू शकले नाहीत. मी तिला डबा बांधून दिला. तिनं कपाटातला दादाचा एक शर्ट पिशवीत टाकलेला मी पाहिला.

बंदराच्या फाटकाशी तिला बराच वेळ थांबावं लागलं. पहारेकऱ्यानं तिचं ओळखपत्र घेतलं, आत फोन केला, आणि खलाशांसाठी असलेल्या एका खोलीत बसायला सांगितलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि एक दूरचित्रवाणी संच, आवाज बंद करून चालू ठेवलेला. दादा आला तो कामाच्या कपड्यांतच. नखांत तेल. ती उठून उभी राहिली. तो दारातच थांबला. ती म्हणते, तो आधीपेक्षा ठेंगणा वाटला. एवढ्या दिवसांत ती त्याला मनात उंच करून बसली होती.

आई ठीक आहे का, हे त्यानं पहिलं विचारलं. ती ठीक आहे म्हणाली. तिला वाटलं होतं भांडण होईल, तिनं वाटेत वाक्यंही जुळवली होती. पण त्याच्याकडे पाहिल्यावर त्यातलं एकही बाहेर पडेना.

शेवटी त्यानंच सांगितलं. तो खरं तर घरी येणार होता. त्याच्या जागी यायचा होता तो इंजिनियर आजारी पडला आणि कंपनीनं विचारलं, आणखी एक फेरी राहतोस का. तो राहिला.

"मी विचारसुद्धा केला नाही," तो म्हणाला. "विचारल्याबरोबर हो म्हणालो. आणि मग तुला हे कसं लिहायचं ते कळेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. जितके दिवस गेले तितकं अवघड झालं."

'हो' का म्हणालास, असं तिनं विचारलं.

तो हाताची नखं बघत म्हणाला, "इथे असलो की घर सारखं डोळ्यांपुढे असतं. आणि घरी येतो तेव्हा तुमचं तिघींचं सगळं बसलेलं असतं. कोण कुठे बसतं, कोण काय करतं. मी खुर्ची घेतली की कुणाची तरी असते. कुणी म्हणत नाही काही. पण मी पाहुण्यासारखा दिवस मोजतो."

वहिनी घरी आल्यावर हे मला सांगत होती तेव्हा कपडे घड्या करत होती आणि इथे येऊन थांबली. मग म्हणाली, "मी त्याला खरं ते सांगितलं. म्हटलं, तुझी जागा तशीच ठेवली असती तर ती रोज रिकामी दिसली असती. बघवत नव्हतं. म्हणून भरून टाकली आम्ही. तू ये. सरकून घेऊ."

त्यावर तो काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही. पुढचा तास दीड तास त्यांनी काय केलं तेही नाही. एवढंच म्हणाली की तो खुर्चीतच झोपला, तिच्या खांद्यावर डोकं टाकून, आणि तिचा हात बधिर झाला तरी तिनं हलवला नाही. बोलावणं आलं तेव्हा तिनंच त्याला उठवलं. शर्ट दिला. निघताना तिनं त्याला सांगितलं की काही सुचलं नाही तर 'बरा आहे' एवढंच पाठव, आमच्या यादीत त्यालाही मोठ्या निरोपाइतकीच एक ओळ लागते.

परतीच्या गाडीत ती रडली असावी. घरी आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण आईला तिनं हसून सांगितलं, "सापडला."

त्यानंतर निरोप यायला लागले. बहुतेक वेळा दोनच शब्द. आई ते शेजारणीला वाचून दाखवायची, आणि दोन शब्द वाचायला तिला बराच वेळ लागायचा. वहिनीचं वाट पाहणं काही थांबलं नाही. उलट, मला वाटतं, वाढलंच. पूर्वी ती कपाटाशी उभी राहून वाट पाहायची. आता काम करता करता मध्येच थांबायची, बोटं कळफलकावर तशीच, आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. मी विचारलं की म्हणायची, काही नाही, आठवत होते.

फेरी संपली आणि दादा आला. पुढची बोट कधीची ते त्याला आधीच कळवलेलं होतं, त्यामुळे तो दारातून आत आला तेव्हाच त्याचं जाणंही बरोबर घेऊन आला. पहिल्या दिवशी सकाळी तो आमच्या आधी उठला आणि म्हणाला, आज चहा मी करतो. स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळानं आतून त्यानं विचारलं, कप कुठे असतात.

आई उठायला लागली. वहिनीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"शोध," ती आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "तिथेच आहेत कुठेतरी."

आणि आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत बसून, आत एकामागून एक कपाटं उघडल्याचे आवाज ऐकत राहिलो.